‘मला कुणी घेतच नाही’: मुलांनी लावलेली कारणे आणि प्रगतिपुस्तकातल्या नोंदी

संपादक महोदय,

सुट्टी लागली की व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांची पत्रके घरोघर येऊन पडतात. नजरेला नजर देऊन बोलणे, हसून ओळख करून देणे, स्टेजवर दोन मिनिटे बोलणे, गटाचे खेळ, असा त्यांचा ठरलेला बेत असतो. त्यात वाईट काही नाही. पण ज्या मुलासाठी आईवडील मुख्यतः हे पैसे भरतात, म्हणजे मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभे राहणारे मूल, ते जूनमध्ये बहुधा त्याच भिंतीशी दिसते. कसे बोलायचे हे त्याला अनेकदा ठाऊक असते. विचारले तर बरोबर सांगतेही. त्याचे अडते ते पहिल्या नकारानंतर. दोघांनी ‘नाही घेत’ म्हटले की मूल मनाशी त्याचे एक कारण लावते. ते कारण ‘मी असाच आहे’ असे असेल, तर शिबिरात शिकलेले दुसऱ्यांदा वापरण्याची वेळच येत नाही. हे पत्र त्या कारणाबद्दल आहे, आणि शाळेच्या व घरच्या भाषेतून ते कसे पक्के होते याबद्दलही.

एकाच प्रसंगाला मुले किती वेगवेगळी कारणे लावतात पाहा. प्रसंग एवढाच: लगोरीचा खेळ चालू होता, तिथे गेलो, घेतले नाही. त्यावर उत्तरे येतात: ‘मला नेम लागत नाही’, ‘मी बोअर आहे’, ‘ते मला मुद्दाम घेत नाहीत’, ‘त्यांचे चार-चार झाले होते’, ‘मी मध्येच घुसलो’. बर्नार्ड वायनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अशी कारणे तपासण्यासाठी तीन प्रश्न दिले. कारण आपल्यातले की बाहेरचे? टिकणारे की बदलणारे? आणि आपल्या हातातले की हाताबाहेरचे? ‘मी बोअर आहे’ हे आपल्यातले, टिकणारे आणि हाताबाहेरचे. ‘मी मध्येच घुसलो’ हेही आपल्यातलेच, पण बदलणारे आणि हातातले. दोन्हींत मूल स्वतःकडेच बोट दाखवते, तरी पहिल्यानंतर ते घरी जाते आणि दुसऱ्यानंतर पुढच्या डावाची वाट पाहते. म्हणून ‘स्वतःला दोष देऊ नकोस’ हा सरधोपट सल्ला इथे फारसा उपयोगी नाही. दोष स्वभावाला दिला की वागण्याला दिला, हे पाहावे लागते. रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. पुढे सँड्रा ग्रॅहम आणि याना युव्होनेन यांनी १९९८ मध्ये दाखवले की छळ सोसणाऱ्या मुलांमध्ये एकटेपणा आणि चिंता यांचे नाते स्वभावाला दिलेल्या दोषाशी जास्त आहे.

कारण बदलता येते, हे आधी गणितात दिसले. कॅरॉल ड्वेक यांनी १९७५ मध्ये अपयश येताच हात टेकणारी ८ ते १३ वयाची १२ मुले निवडून त्यांचे दोन गट केले. दोघांनाही २५ बैठकांत गणिते दिली. एका गटाला फक्त जमतील अशीच गणिते मिळाली. दुसऱ्या गटाला मधूनमधून मुद्दाम न जमणारी दिली, आणि न जमल्यावर ‘मेहनत कमी पडली’ असे कारण लावायला शिकवले. शेवटी अपयश आल्यावर टिकून राहिला तो दुसरा गट. पहिल्याला यशाची सवय लागली होती, पण एक गणित चुकताच तो पूर्वीसारखाच कोसळला. नुसते यश देऊन अपयशाची तयारी होत नाही, हा त्यातला धडा. शिबिरे नेमकी इथेच कमी पडतात, कारण तिथे प्रत्येकाला टाळ्या मिळतात.

टेरेसा गोट्झ आणि ड्वेक यांनी १९८० मध्ये हेच मैत्रीच्या बाबतीत पाहिले. मुलांना पत्रमैत्रीच्या एका क्लबात प्रवेशासाठी स्वतःबद्दल संदेश द्यायला सांगितले, मग ‘घ्यावे की नाही हे ठरत नाही’ असे कळवून दुसरा संदेश देण्याची संधी दिली. एरवीच्या नकारांचे कारण ‘मला मैत्री करता येत नाही’ असे लावणारी मुले या दुसऱ्या संधीला जास्त अडखळली.

एक गोष्ट पालकांना, शिक्षकांना आणि मुलांनाही सांगून ठेवण्यासारखी आहे. नकार हा खेळाचा रोजचा भाग आहे. विल्यम कोर्सारो यांनी अमेरिकेतल्या बालवाडीत बसून केलेल्या निरीक्षणात (१९८१) चालू खेळात शिरण्याचे जवळजवळ निम्मे प्रयत्न पहिल्या फटक्यात परतवले गेले होते. मुले वाईट असतात म्हणून नव्हे. आपला रंगलेला खेळ मोडेल ही त्यांची भीती असते. वर्गातल्या लाडक्या मुलांनाही नकार मिळतो. फरक इतकाच की ती थोड्या वेळाने वेगळ्या रीतीने पुन्हा येतात. एकट्या पडणाऱ्या मुलाला मात्र ठामपणे वाटत असते की असे फक्त आपल्याच वाट्याला येते.

आता सगळ्यात जास्त फसणाऱ्या जागेकडे येऊ. ड्वेक यांच्या प्रयोगातले ‘मेहनत कमी पडली’ हे कारण लोक जसेच्या तसे मैत्रीला लावतात. ‘अजून प्रयत्न कर, बोल त्यांच्याशी, मागे लाग.’ गणितात हे चालते, कारण गणित सुटणारे असते आणि जास्त वेळ दिला की सुटते. खेळात शिरताना चुकीची रीत जास्त जोराने वापरली तर ती कटकट होते. ‘मी पण, मी पण’ म्हणणारे मूल चारदा तेच म्हणते आणि पाचव्यांदा ढकलले जाते. मग त्याच्यापाशी पुरावाही तयार होतो की प्रयत्न करूनही जमत नाही, म्हणजे दोष आपल्यातच. म्हणून इथे कारण मेहनतीचे लावू नये. रीत, वेळ, जागा आणि माणूस यांपैकी एकाचे लावावे. क्रेग अँडरसन आणि डेनिस जेनिंग्ज यांनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांना फोनवरून लोकांना रक्तदानाची विनंती करायला लावले. पहिला नकार आल्यावर ‘आपली रीत चुकली’ असे समजणाऱ्यांना पुढच्या फोनकडून जास्त आशा होती. ‘आपल्यात ती कुवतच नाही’ असे समजणाऱ्यांना नव्हती.

रीत आणि वेळ म्हणजे काय, ते आपल्या खेळांतूनच सांगता येते. संघाच्या खेळात डाव चालू असताना जागाच नसते. खो-खोत आठ जण बसलेले आणि एक धावणारा असतो. नववा बसणारा येणार कुठून? सोसायटीच्या क्रिकेटमध्ये चार-चारचे संघ पडले असतील तर नवा भिडू ज्या बाजूला जाईल तिच्या विरुद्धची बाजू भांडणारच. डबा ऐसपैसमध्ये नवे राज्य येईपर्यंत थांबावे लागते. यांतल्या कुठल्याही नकारात त्या मुलाबद्दल काहीच म्हटलेले नसते, पण मुलाला तो स्वतःवरचा निकाल वाटतो. विषम संख्या असेल तर विचारणाऱ्याचे काम सोपे होते; सातांच्या गटात आठवा लगेच खपतो. हे मोजायला शिकवणे ‘आत्मविश्वास बाळग’ म्हणण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. ‘कच्चा लिंबू’ ही आपल्याकडची सोयही वापरता येते, पण सहा-सात वर्षांपर्यंतच. दहा वर्षांच्या मुलाने स्वतःहून कच्चा लिंबू व्हायचे कबूल केले तर एका डावापुरतेच. त्याहून जास्त झाले की ती त्याची कायमची पायरी ठरते.

मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ च्या अभ्यासात दाखवले की नावडती मुले शिरताना चालू खेळाकडून लक्ष स्वतःकडे वळवतात. स्वतःबद्दल सांगतात, नियमावर वाद घालतात, ‘हे असं नसतं खेळायचं’ म्हणतात. जमणारी मुले आधी पाहतात आणि चालू खेळाला धरून बोलतात. त्यावरून शिकवायची रीत अशी: खेळापासून तीन-चार हात अंतरावर मिनिटभर उभे राहायचे; कोण कोणाकडून आहे आणि किती झाले ते समजून घ्यायचे; एक वाक्य त्यांच्या खेळाबद्दल बोलायचे (‘भारी लागला नेम’); डाव संपला की एकालाच, शक्यतो ओळखीच्याला विचारायचे. सगळ्यांना मिळून विचारले तर उत्तर सर्वांत तापट मुलाकडून येते. आणि मिनिटभर म्हणजे मिनिटभरच. दहा मिनिटे नुसते उभे राहिले की मुले त्याला प्रेक्षक समजू लागतात.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात मुलाचे सध्याचे कारण काय आहे हे शोधण्यापासून होते. ‘तुझे मित्र का नाहीत?’ असे विचारू नये. ‘माहीत नाही’ एवढेच उत्तर येते आणि मूल आक्रसते. त्याऐवजी सहा ते आठ छोटे काल्पनिक प्रसंग सांगावेत, निम्मे बिनसलेले आणि निम्मे जमलेले. ‘तू डबा घेऊन तिघींपाशी गेलीस, त्या सरकल्या नाहीत. का बरं?’ ‘वाढदिवसाला बोलावलं नाही. का असेल?’ ‘प्रकल्पात एकानं स्वतःहून तुला जोडीला घेतलं. का घेतलं असेल?’ उत्तर शब्दशः लिहून घ्यावे आणि वरचे तीन प्रश्न त्याला लावावेत. जमलेले प्रसंग इथे गाळले जातात, आणि ती मोठी चूक आहे. हात टेकणारे मूल यशाचे श्रेय स्वतःकडे घेत नाही. ‘बाईंनी सांगितलं म्हणून’, ‘त्याचा मित्र आला नव्हता म्हणून’ असे म्हणते. अपयश माझे आणि यश योगायोगाचे, अशी दोन्ही टोके धरून ठेवणाऱ्या मुलाला वेळ जास्त द्यावा लागतो.

त्यापुढे आठ ते दहा बैठका पुरतात. आठवड्याला दोन, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटांच्या. गटात चार-पाच मुले असावीत आणि त्यांतल्या दोघांना तरी ही अडचण नसावी. फक्त एकटी पडणारी मुले गोळा केली तर त्या गटाला आठवड्याभरात शाळेत नाव पडते आणि औषधापेक्षा आजार मोठा होतो. पहिल्या दोन बैठकांत फक्त गोष्टीतल्या मुलांबद्दल बोलावे. स्वतःचे प्रसंग तेव्हा काढायला लावले की मुले बचावाच्या पवित्र्यात जातात. गोष्ट अर्धी सांगायची आणि कारणे गोळा करायची, एका प्रसंगाला निदान तीन. तिसऱ्या बैठकीत मोठ्या माणसाने स्वतः नवख्या मुलाचे सोंग घ्यावे, नकार घ्यावा आणि मनातले मोठ्याने बोलावे: ‘नाही म्हणाले. डाव अर्ध्यात होता. मी पळत येऊन मध्येच बोलले. संपेपर्यंत थांबते, मग ओळखीच्या मुलीला विचारते.’ मग तेच मुलाने आधी मोठ्याने, नंतर पुटपुटत आणि शेवटी मनात म्हणायचे. डोनाल्ड मायकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांना स्वतःशी बोलायला शिकवताना ही उतरंड वापरली होती. ती इथेही चालते, फक्त पायऱ्या गाळू नयेत. थेट ‘मनात म्हण’ असे सांगितले तर मूल काहीच म्हणत नाही.

सरावात नकार मुद्दाम पेरावा लागतो. एका बैठकीत पाच-सहा वेळा शिरण्याचा सराव होतो. त्यात एक, फार तर दोन वेळा नकार मिळेल असे आधीच ठरवून ठेवावे. पहिली खेप नकाराची नसावी आणि शेवटचीही नसावी. नकाराला खरे आणि शोधता येईल असे कारण असावे: संख्या सम होती, कुणीतरी रागात होते, विचारणारा मध्येच बोलला. मग मुलाला चार गोष्टी विचारायच्या. काय झाले? तुला आधी कोणते कारण वाटले? आणखी कोणती दोन कारणे असू शकतात? यातले कोणते खरे हे उद्या कशावरून कळेल? चौथा प्रश्न विसरला तर सगळे मुसळ केरात. कारण पडताळता आले पाहिजे. ‘संख्या सम होती म्हणून नाही म्हणाले’ असे असेल तर विषम असताना विचारून पाहायचे. तेव्हाही ‘नाही’ आले तर कारण दुसरे आहे आणि ते शोधायचे. मुलाला गोड समजूत देऊन पाठवायचे नसते. त्याने खरोखर चेंडू हिसकावला असेल तर ‘त्यांचे संघ पूर्ण होते’ हे कारण खोटे आहे, आणि ते मुलालाही कळते.

बिघाड कुठे होतो, तेही सांगायला हवे. चौथ्या-पाचव्या बैठकीपर्यंत हुशार मुलांना ‘बरोबर उत्तर’ पाठ होते आणि प्रसंग पुरा ऐकण्याआधीच ‘डाव अर्ध्यात होता’ येते. मग मूल स्वतःच चुकलेले आहे असे प्रसंग मध्ये घालावेत. दुसरा बिघाड मोठ्यांच्या कौतुकातून येतो. मूल म्हणते ‘मी कुणालाच आवडत नाही’, आणि आपण म्हणतो ‘असं काही नाही, तू किती गोड आहेस!’ मुलाकडे सकाळचा ताजा पुरावा असतो, आपल्याकडे फक्त माया. मूल वाद घालत नाही, पुढच्या वेळी सांगायचेच बंद करते. तिसरा बिघाड वहीचा. चार रकान्यांची वही (काय झाले, वाटलेले कारण, आणखी दोन कारणे, उद्या काय करून पाहणार) आठवड्यातून दोनदा भरली तर उपयोगी पडते. रोज भरायला लावली तर मूल दिवसभर नकार मोजत बसते.

‘मुद्दाम केलं’ म्हणणाऱ्या मुलांचे प्रकरण वेगळे आहे, आणि त्यांना वरचा सराव जसाच्या तसा देणे चुकीचे. केनेथ डॉज यांच्या १९८० च्या प्रयोगात मुलांनी जुळवत आणलेले कोडे दुसऱ्या मुलाने विस्कटल्याचे कळत असे, कधी उघड खोडसाळपणे, कधी मदत करताना, तर कधी हेतू स्पष्ट न होता. हेतू उघड होता तेव्हा मारकुटी आणि इतर मुले सारखीच वागली. फरक पडला तो हेतू धूसर होता तेव्हा. मारकुट्या मुलांनी तो वाईट धरला. म्हणून त्यांना शिकवायचे ते हेतू वाचणे: समोरच्याचा चेहरा, आवाज, त्याने नंतर काय केले (थांबला, ‘सॉरी’ म्हणाला, की हसत पळाला). आणि कळत नसेल तर ‘चुकून झालं असेल’ इथून सुरुवात करायची. सिंथिया हडली आणि सँड्रा ग्रॅहम यांनी आफ्रिकी-अमेरिकी मुलग्यांसाठी १२ बैठकांचा असाच कार्यक्रम केला आणि १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. शिक्षकांच्या नजरेतही त्या मुलांचा मारकुटेपणा कमी झाला. मधल्या सुट्टीत डबा सांडला की ‘मुद्दाम पाडला’ आणि लगेच हाणामारी, हे आपल्याकडच्या शिक्षकांना रोजचे आहे. दोघांनाही कोपऱ्यात उभे करण्याआधी ‘मुद्दाम होतं हे तुला कशावरून कळलं?’ हा एक प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. तो आरोपासारखा विचारला तर मात्र वाया जातो.

आता मर्यादा. ती ठळकपणे सांगितली नाही तर हे शास्त्र मुलांवरच उलटेल. कधीकधी मुलाने लावलेले कारण खरे असते. जातीवरून, रंगावरून, बोलीवरून, अपंगत्वावरून, घरच्या परिस्थितीवरून मुले मुलांना बाजूला काढतात. तीच दोन-चार मुले, पुन्हा पुन्हा, आणि समोरचा कमजोर, असे असेल तर तो छळ आहे. तिथे मुलाचे कारण बदलायला बसणे म्हणजे सोसणाऱ्यालाच शिकवणी लावणे. तिथे काम मोठ्यांचे: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, तक्रारपेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी-सावित्री समिती. मुलाला एवढेच सांगायचे की हे तुझ्यामुळे होत नाही आणि आम्ही ते थांबवतो; आणि मग थांबवायचे. ऊसतोड मजुरांची मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर जातात आणि शालेय वर्ष संपता संपता परततात, तेव्हा वर्गातले गट आधीच पडून गेलेले असतात. त्यांच्या एकटेपणाचे कारण परिस्थितीत आहे. त्यांना बैठका नकोत, पहिल्याच दिवशी जोडीदार नेमून द्यायला हवा. ज्या मुलाला कमी ऐकू येते ते हाकेला ‘ओ’ देत नाही आणि ‘भाव खातो’ म्हणून बाजूला पडते. त्याचे कान तपासावेत. स्वमग्न मुलांना लागणारी मदत वेगळी आहे, ती तज्ज्ञांकडूनच घ्यावी. आणि वयाचेही पाहावे. पहिली-दुसरीतल्या मुलांशी कारणांवर चर्चा करून फार काही हाती लागत नाही. त्यांच्यासाठी दोघांचाच खेळ लावून द्यावा. या कामाला तिसरी ते सातवीचा काळ चांगला.

मूल बदलले तरी वर्ग लगेच बदलत नाही, हेही धरून चालावे. एकदा ‘रडका’ ठरला की पुढे त्याच्या साध्या वागण्याचाही वर्ग तसाच अर्थ लावतो. कॅरेन बिअरमन आणि विंडॉल फर्मन यांनी १९८४ मध्ये पाहिले की संभाषणाचा सराव दिल्याने मुलांचे बोलणे सुधारले, पण वर्गातला स्वीकार वाढला तो सवंगड्यांना सोबत घेऊन सामाईक काम दिलेल्या गटांत. तिथे मुलांनी मिळून छोटे चित्रपट केले होते. आपल्याकडे भित्तिपत्रक, परसबाग, पोषण आहार वाढण्याची पाळी, परिपाठाची तयारी ही कामे त्यासाठी आयती आहेत. काम मात्र असे असावे की दुसऱ्याशिवाय पुरे होणार नाही. ‘घ्या रे त्याला खेळायला’ असा हुकूम बाईंनी सोडला की मुले घेतात, पण त्या मुलाच्या हाती यशाचे कारण उरत नाही. ‘बाईंनी सांगितलं म्हणून’ हे त्याचे उत्तर मग खरेच असते. डेव्हिड रॅबिनर आणि जॉन कुई यांनी १९८९ मध्ये आणखी एक सोपी गोष्ट दाखवली. वर्गात नाकारल्या गेलेल्या मुलांना अनोळखी मुलांकडे पाठवण्याआधी ‘त्यांना तू आवडलास’ असे सांगितले, तर त्या मुलांनी यांना खरोखरच जास्त पसंत केले. अपेक्षा बदलली की वागणे बदलते. आपण त्यासाठी खोटे बोलायचे कारण नाही. कुणी मुलाबद्दल चांगले बोलले असेल तर ते त्याच्यापर्यंत पोचवावे, आणि कुणी बोलले तेही सांगावे.

घरच्या भाषेबद्दल थोडे. पाहुण्यांसमोर ‘आमचा जरा लाजाळूच आहे’ म्हणणे हे टिकणारे, हाताबाहेरचे कारण मुलाच्या हातात ठेवणे आहे. ‘तुझ्यावर जळतात त्या’ हे वाक्य आईच्या मायेतून येते आणि त्या संध्याकाळपुरता त्रास कमी करते, पण सगळ्या वर्गाला कायमचे शत्रू ठरवते. ‘चार माणसांत मिसळायला शिक’ यात कारणही नाही आणि पायरीही नाही. त्याऐवजी ‘नवीन ठिकाणी त्याला थोडा वेळ लागतो, मग बोलतो’, ‘आज नाही जमलं, कधी विचारलंस, डाव चालू होता का?’, ‘उद्या त्यातल्या कोणाला आधी विचारशील?’ अशी वाक्ये वापरता येतात. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही सांगावे. ‘आईवर गेलीय’ हे वाक्य बहुधा तिथूनच येते.

आणि शेवटी नोंदी. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यांत प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करण्याची पद्धत रुजली. कल्पना चांगली होती. पण सत्राच्या शेवटी तीस-पस्तीस मुलांच्या नोंदी भरायच्या म्हटल्यावर शिक्षक मोबाइलवर फिरणाऱ्या तयार यादीतून वाक्ये उचलतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष यादीतल्या वाक्यांचा आहे. ‘अबोल आहे’, ‘एकलकोंडा’, ‘इतरांत मिसळत नाही’, ‘भांडखोर वृत्ती’. ही सगळी स्वभावाची विशेषणे आहेत. मूल ती वाचते, पालक ती घरी मोठ्याने वाचून दाखवतात, आणि पुढच्या वर्षीच्या बाई त्या मुलाला भेटण्याआधी वाचतात.

तेवढ्याच शब्दांत दुसरी नोंद लिहिता येते. काय दिसले, कोणत्या परिस्थितीत, पुढे काय, या क्रमाने. ‘अबोल आहे’ऐवजी ‘मोठ्या गटात बोलत नाही, जोडीत बोलते; पुढील सत्रात तिघांच्या गटात काम द्यावे.’ ‘भांडखोर वृत्ती’ऐवजी ‘रांगेत धक्का लागल्यास लगेच मारतो, हेतू विचारण्याचा सराव चालू.’ ‘मिळूनमिसळून वागतो’ हे कौतुकही असेच पोकळ आहे. ‘नवीन मुलाला खेळाचे नियम समजावून सांगितले’ असे लिहिले तर मुलाला आपण नेमके काय चांगले केले ते कळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार येणाऱ्या समग्र प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापनही असणार आहे. तिथे धोका दुप्पट आहे, कारण ‘तुझा मित्र कसा आहे?’ या प्रश्नाला वर्ग विशेषणांनीच उत्तर देणार. प्रश्न ‘या आठवड्यात तुझ्या जोडीदाराने गटात काय केले?’ असा ठेवावा.

शिक्षण विभागाला आणि केंद्रप्रमुखांना (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांना) आमची विनंती एवढीच आहे, की केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास काढून सध्या वापरात असलेल्या नमुना नोंदींची यादी समोर घ्यावी, ‘आहे’ने संपणारी स्वभावाची विशेषणे खोडावीत आणि प्रत्येकाजागी वरच्या क्रमाने एक वाक्य शिक्षकांकडूनच लिहून घ्यावे. यादी दोन-तीन पानांची असते. प्रथम सत्राच्या नोंदी दिवाळीच्या सुट्टीआधी भरल्या जातात, त्यामुळे हे काम सप्टेंबरपर्यंत व्हायला हवे.

आपले,
शालेय समुपदेशकांचा एक गट, नाशिक